सेस भरूनही टेकूच का? मुंबईच्या जुन्या इमारतींच्या सरकारी दुरुस्तीचे गणित

पावसाळा तोंडावर आला की म्हाडाचे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे, इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ मुंबई शहरातील अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. गिरगाव, काळबादेवी, भेंडीबाजार, माझगाव, लालबाग अशा भागांतील पत्ते वर्तमानपत्रांत छापून येतात, रहिवाशांना घरे रिकामी करण्याचे आवाहन होते आणि पाऊस सरला की विषय मागे पडतो. या यादीबाहेरही हजारो इमारती आहेत. त्यांतील रहिवासी वर्षानुवर्षे दुरुस्तीचा कर भरत आले आहेत, तरी त्यांच्या जिन्याखाली टेकू उभे आहेत. हा कर कसला, त्याच्या बदल्यात सरकारने नेमकी कोणती जबाबदारी घेतली आहे आणि ती अर्ध्यावर का अडते, हे या चाळींत आणि इमारतींत राहणाऱ्या अनेकांनाही नीट सांगितले गेलेले नाही.

सेसची इमारत म्हणजे कोणती?

सेस म्हणजे उपकर, एका ठरावीक कामासाठीच वसूल केला जाणारा जादा कर. मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम आणि सायनपर्यंत, 30 सप्टेंबर 1969 पूर्वी बांधलेल्या आणि भाडेकरू राहत असलेल्या खासगी इमारतींवर हा उपकर बसवला गेला. त्यांना कागदोपत्री उपकरप्राप्त इमारती म्हणतात. बोलताना आपण 'सेसची बिल्डिंग' म्हणतो. मूळ यादीत अशा 19,642 इमारती होत्या. त्यांचे वयानुसार तीन वर्ग पाडले गेले. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या 16,502 इमारती 'अ' वर्गात, त्यानंतर 1950 अखेरपर्यंतच्या 1,489 इमारती 'ब' वर्गात आणि 1951 ते सप्टेंबर 1969 या काळातील 1,651 इमारती 'क' वर्गात आल्या. पाडकाम, पडझड आणि पुनर्विकास यांमुळे आता ही संख्या बरीच घटली आहे, पण आजही त्यांत लाखो माणसे राहतात.

उपनगरांतील जुन्या इमारती या व्यवस्थेत येत नाहीत. सरकारी मालकीच्या इमारती आणि मालक स्वतःच राहतो अशी घरेही तिच्याबाहेर आहेत. त्यामुळे दादरच्या चाळीला मिळणारे संरक्षण विलेपार्ल्याच्या तितक्याच जुन्या चाळीला मिळत नाही. ही रेषा कायद्याने आखलेली आहे. घराच्या अवस्थेशी तिचा संबंध नाही.

खासगी इमारतीवर सरकारने पैसा का खर्च करावा?

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो रास्तही वाटतो. त्याचे उत्तर भाडेनियंत्रणाच्या इतिहासात आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसे वाढली आणि घरे अपुरी पडली. भाडी आवाक्याबाहेर जाऊ नयेत म्हणून 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे ठरवले आणि 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे चालू होते तेच त्याचा आधार मानले. गिरणी कामगार, कारकून, शिक्षक यांना या कायद्यामुळे शहरात टिकून राहता आले, हे त्याचे मोठेच श्रेय आहे. मात्र भाडे गोठले तरी विटा, चुना, लाकूड आणि मजुरी यांचे दर वाढतच राहिले. दहा रुपये भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीची तुळई बदलण्यात मालकाला कसलाच फायदा उरला नाही. त्याने दुरुस्ती थांबवली आणि इमारती पडू लागल्या.

तेव्हा सरकारने नेमलेल्या बेडेकर समितीच्या अहवालानंतर 1969 चा कायदा झाला आणि 1971 मध्ये दुरुस्ती मंडळ अस्तित्वात आले. पुढे 1977 मध्ये म्हाडा स्थापन झाल्यावर हे मंडळ तिच्यात सामावले गेले. भाडे सरकारने गोठवले, त्यामुळे दुरुस्तीला पैसा उरला नाही, म्हणून दुरुस्तीची व्यवस्थाही सरकारने लावायची, असा या सगळ्यामागचा तर्क होता. मंडळ रहिवाशांवर उपकार करत नाही. सरकारच्या एका धोरणाचा जो परिणाम झाला, तो निस्तरण्यासाठी ते उभे केले गेले आणि त्यासाठी रहिवाशांकडून रीतसर उपकर घेतला गेला.

सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात गोठवलेल्या भाड्यांच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सांगितले. त्यानंतर आलेला 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याने मालकाला दरसाल 4 टक्के भाडेवाढीची मुभा दिली. या मुभेने काय साधले, ते आकड्यांतच पाहू. 2000 साली एखाद्या खोलीचे भाडे 100 रुपये होते आणि ते दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढत गेले असे धरले, तर 25 वर्षांनी ते सुमारे 267 रुपये होते. अशा वीस खोल्यांच्या चाळीचे वर्षाचे एकूण भाडे सुमारे 64 हजार रुपये भरते. एवढ्या रकमेत चाळीच्या मागील बाजूचे संडासाचे पाइप बदलून होत नाहीत.

पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे?

उपकर महापालिका मालमत्ता कराबरोबर मालकाकडून वसूल करते, पण अनेक इमारतींत तो भाड्याच्या बिलात 'रिपेअर सेस' म्हणून भाडेकरूकडूनच घेतला जातो. त्यात राज्य सरकार, महापालिका आणि म्हाडा आपापली भर घालतात आणि त्यातून मंडळाचा दुरुस्ती निधी तयार होतो.

हा निधी प्रत्येक इमारतीला हवा तेवढा मिळत नाही. प्रत्येक चौरस मीटरमागे किती खर्च करता येईल याची कमाल मर्यादा सरकारने ठरवलेली आहे. ती वेळोवेळी वाढवली गेली, पण बाजारातील खर्च नेहमीच तिच्या पुढे राहिला. ही रचना आरोग्य विम्यासारखी आहे. पॉलिसीत दोन लाखांचे संरक्षण असेल आणि शस्त्रक्रियेला पाच लाख लागणार असतील, तर हप्ते किती वर्षे भरले याला महत्त्व उरत नाही. वरचे तीन लाख घरच्यांनी उभे करायचे असतात. सेसच्या इमारतीतही वरची रक्कम रहिवाशांनी भरावी लागते किंवा आमदार-खासदारांच्या निधीतून आणावी लागते.

फरक एकाच ठिकाणी आहे आणि सारा गुंता तिथेच होतो. वरचा खर्च कुणी उचलायला तयार नसेल, तर दुरुस्ती मर्यादेत बसत नाही या कारणाने मंडळ ती इमारत 'दुरुस्तीपलीकडची' ठरवू शकते. त्यासाठी म्हाडा कायद्याच्या कलम 88 मध्ये तरतूद आहे. म्हणजे एखादी इमारत दुरुस्त होऊ शकते की नाही, हा अभियांत्रिकीचा प्रश्न असायला हवा, पण व्यवहारात तो पुष्कळदा हिशेबाचा होतो. सरकारने मर्यादा कमी ठेवली, तर धडधाकट होऊ शकणारी इमारतसुद्धा कागदावर मोडीत निघते. माझ्या मते या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर दोष हाच आहे आणि त्याची चर्चा जवळपास होतच नाही.

दुरुस्तीत नेमके काय करतात?

'अ' वर्गातील बहुतेक इमारतींच्या बाहेरच्या भिंती चुन्यातल्या विटांच्या असतात आणि आतला सांगाडा सागवानी खांब, तुळया आणि कड्यांचा असतो. कड्यांवर फळ्या, त्यांवर कोबा आणि कोब्यावर शहाबादी फरशी, अशी जमीन असते. सागवान शंभर वर्षे सहज टिकते. त्याला घात होतो तो ओलाव्याने, आणि ओलावा येतो मागच्या बाजूने, जिथे मोऱ्या आणि संडास एकावर एक रचलेले असतात.

मोरीच्या फरशीखालून झिरपलेले पाणी भिंतीत मुरते. तुळईचे टोक त्याच भिंतीत आत बसवलेले असते. खोलीत दिसणारा भाग ऑइलपेंट लावून चकचकीत असतो, पण भिंतीत गेलेले टोक वर्षानुवर्षे ओले राहून कुजते. अनुभवी अभियंता तुळईच्या भिंतीलगतच्या भागावर हातोडीने हलकेच ठोकतो. निरोगी लाकूड टणक आवाज देते, तर कुजलेले भदभद वाजते आणि तिथे पटाशी टोचली तर ती लाकडात सहज शिरते. अशा तुळईवर वरच्या मजल्याची मोरी, पिंप आणि माणसे यांचा भार असतो. इशारा फारसा न देता मजला खाली येतो तो यामुळे.

दुरुस्तीत आधी टेकू लावून भार पेलला जातो, मग कुजकी तुळई काढून लोखंडी गर्डर बसवतात, त्याच्या टोकांखाली भिंतीत काँक्रीटचा ठोकळा घालतात आणि फुगलेली भिंत उतरवून पुन्हा बांधतात. हे काम चांगले झाले तर इमारत अनेक वर्षे उभी राहते. मात्र गळती न थांबवता नुसता गर्डर टाकला, तर तोच ओलावा काही वर्षांत लोखंडालाही गंज चढवतो. एकाच इमारतीला पुन्हा पुन्हा दुरुस्ती का लागते, याचे उत्तर बहुतेक वेळा या अर्धवट कामात सापडते. मर्यादेत बसवायचे म्हणून गर्डर मंजूर होतो आणि मोरीचे जलरोधन व पाइप वगळले जातात.

'ब' आणि 'क' वर्गांतील अनेक इमारती काँक्रीटच्या आहेत. खाऱ्या हवेने त्यांच्या सळ्या गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे निघतात. तिथे केवळ गिलावा करून भागत नाही. सळ्या उघड्या करून गंज काढावा लागतो आणि गरजेप्रमाणे खांबाभोवती नव्या सळ्यांचे व काँक्रीटचे आवरण चढवावे लागते. जुन्या सांगाड्याला अशी नवी ताकद देण्याला मजबुतीकरण म्हणतात. दुरुस्तीने बिघडलेले पूर्ववत होते; मजबुतीकरणाने इमारत मुळात होती त्याहून अधिक भार सोसू शकते. सेसच्या निधीची सारी रचना दुरुस्ती डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे, मजबुतीकरणाला तो सहसा पुरत नाही.

मग सगळ्या इमारती पाडून नव्या का बांधत नाहीत?

गेली तीन दशके सरकारचा भर नेमका यावरच आहे. विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम 33(7) नुसार सेसच्या इमारतीच्या जागी नवी इमारत बांधली, तर विकासकाला जादा चटई क्षेत्र मिळते. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय, हे भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येईल याचे माप आहे. मुंबई शहरात तो मुळात 1.33 आहे, 33(7) खाली तो 3 किंवा रहिवाशांच्या पुनर्वसनाला लागणारे क्षेत्र अधिक प्रोत्साहनपर क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल तेवढा होतो. रहिवाशाला किमान 300 चौरस फुटांचे मालकीचे घर मोफत मिळते आणि जादा सदनिका विकून विकासक खर्च व नफा काढतो. त्यासाठी 51 टक्के पात्र रहिवाशांची संमती पुरेशी आहे.

मोठ्या रस्त्यावर, मोठ्या भूखंडावर ही योजना चालते आणि तिने हजारो कुटुंबांना स्वतंत्र संडासाचे पक्के घर दिले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिचे सगळे गणित विक्रीच्या घरांवर उभे आहे. दीडशे चौरस मीटरचा भूखंड, समोर अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना चिकटलेल्या इमारती आणि आत तीस कुटुंबे असतील, तर विकायला फारसे काही उरत नाही. अग्निशमन दलाची गाडी फिरेल एवढी मोकळी जागाही सुटत नाही. अशा ठिकाणी विकासक येत नाही, आणि आला तरी काम अर्धवट सोडून जाण्याचा धोका असतो. अनेक इमारती एकत्र करून समूह पुनर्विकास हा त्यावरचा उपाय सांगितला जातो. भेंडीबाजारात तो प्रत्यक्ष सुरूही आहे, पण शेकडो भाडेकरू आणि डझनावारी मालक एका करारावर आणण्यात वर्षे जातात.

त्या वर्षांत इमारतीचे काय होते, हे 31 ऑगस्ट 2017 रोजी दिसले. भेंडीबाजारातील हुसैनी इमारत त्या समूह योजनेत होती. काही कुटुंबे आधीच स्थलांतरित झाली होती, काही तिथेच राहत होती. इमारत कोसळून 33 जणांचा जीव गेला. 16 जुलै 2020 रोजी फोर्टमधील भानुशाली इमारतीचा भाग पडून 10 जण दगावले. पुनर्विकासाची आशा लागली की दुरुस्तीला कुणी हात लावत नाही, कारण जे पाडायचेच आहे त्यावर खर्च कशाला, असा विचार मालक, रहिवासी आणि अधिकारी तिघेही करतात. हा विचार माणसांच्या जिवावर बेततो. पुनर्विकास मंजूर असो वा नसो, लोक राहतात तोवर इमारत सुरक्षित ठेवण्याचा खर्च टाळता येत नाही आणि तो कुणी करायचा हे 1969 सालीच ठरलेले आहे.

79-अ ची नोटीस आणि मालकांचा आक्षेप

मालकच पुढे येत नसेल तर काय, यासाठी म्हाडा कायद्यात दुरुस्ती करून कलम 79-अ घालण्यात आले. विधिमंडळाने ती 2020 मध्ये केली आणि राष्ट्रपतींची मंजुरी 2022 च्या अखेरीस मिळाली. इमारत धोकादायक ठरली की मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने मिळतात. त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने मिळतात. तिलाही जमले नाही तर म्हाडा जागा संपादित करून स्वतः पुनर्विकास करू शकते. 2025 मध्ये अशा नोटिसांचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला.

मालकांचा मूळ आक्षेप याहून जुना आहे. 1986 मध्ये कायद्यात आठ-अ हे प्रकरण आले. त्यानुसार 70 टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास इमारत संपादित करून त्यांच्या संस्थेला देता येते आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला मिळतो. गोठवलेल्या भाड्याच्या शंभरपट म्हणजे किती, हे वरच्या हिशेबावरून कळेल. त्याविरुद्धच्या याचिकेतून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 5 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अनुच्छेद 39(ब) मधील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती', म्हणजे सर्वांच्या हितासाठी सरकारला वाटता येईल अशी संपत्ती, मानता येणार नाही, असे बहुमताने ठरले. मालकांची बाजू इथे पोकळ नाही. त्यांच्याकडून भाड्याचा हक्क काढून घेतला गेला आणि जमिनीची किंमत मात्र कागदावरच राहिली. पण या वादाचा दुरुस्तीशी संबंध जोडणे चूक आहे. मालकी कुणाची हे ठरायला तीस वर्षे लागली, तरी कुजकी तुळई तेवढा काळ थांबणार नाही.

नाममात्र भाडे भरणाऱ्यांनी एवढे का मागावे?

शंभर रुपये भाड्यात गिरगावात राहायचे आणि वर सरकारी खर्चाने दुरुस्ती मागायची, हा आक्षेप उपनगरात कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण बहुतेक भाडेकरूंनी किंवा त्यांच्या आधीच्या पिढीने खोली घेताना पागडी म्हणून मोठी रक्कम मोजलेली असते. 1999 च्या कायद्याने या देवघेवीला मान्यताही दिली. त्याखेरीज त्यांनी उपकर भरला आहे. ज्यांची परिस्थिती सुधारली त्यांतले बरेच जण केव्हाच बाहेर पडले. मागे राहिलेल्यांत वृद्ध, एकट्या बाया आणि जवळच छोटा धंदा करणारे पुष्कळ आहेत.

धोका दिसत असताना लोक घर सोडत का नाहीत?

त्यांना जीव प्यारा नसतो असे नाही. घर रिकामे केले की मंडळ संक्रमण शिबिरात, म्हणजे ट्रान्झिट कॅम्पमध्ये, खोली देते. ती सायनच्या प्रतीक्षानगरात, विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, मालाडच्या मालवणीत किंवा बोरिवलीच्या मागाठाण्यात मिळू शकते. काळबादेवीत पोळी-भाजीचे डबे पोहोचवून घर चालवणाऱ्या बाईचे गिऱ्हाईक मालवणीत तिच्यामागे येत नाही. दुसरी भीती परत न येण्याची असते. मूळ जागी नवी इमारत उभीच राहिली नाही, म्हणून एकेक कुटुंब दोन-दोन पिढ्या शिबिरात राहिले आहे. अशा रहिवाशांची नावे बृहतसूचीवर, म्हणजे मास्टर लिस्टवर, घेतली जातात आणि इतरत्र घर उपलब्ध होईल तेव्हा त्यांचा नंबर लागतो. ही प्रतीक्षा पाहिलेला शेजारी आपले घर सहजासहजी सोडणार नाही. परत येण्याची तारीख आणि तोवरचे भाडे लेखी मिळाले, तर घरे रिकामी करण्याचे आवाहन लोक अधिक ऐकतील, असे मला ठामपणे वाटते.

रहिवाशांनी आत्ता काय करावे?

भाड्याच्या पावत्या, वीजबिले आणि उपकराचा उल्लेख असलेली बिले जपून ठेवावीत, कारण पात्रता त्यांवरच ठरते. दुरुस्तीचा अर्ज एकट्याने देण्यापेक्षा सर्व रहिवाशांच्या सह्यांनी मंडळाच्या आपल्या विभागातील कार्यकारी अभियंत्याकडे द्यावा आणि पोच घ्यावी. अंदाजपत्रक तयार झाले की त्याची प्रत मागावी आणि त्यात मोरी-संडासाचे जलरोधन व पाइप आहेत की फक्त गर्डर आणि गिलावा आहे, ते पाहावे. नसतील तर काम सुरू होण्याआधीच लेखी हरकत घ्यावी. इमारत दुरुस्तीपलीकडची आहे असे सांगितले गेले, तर ती संरचनात्मक तपासणीवरून ठरवली की केवळ खर्चाच्या मर्यादेवरून, हे लेखी विचारावे आणि तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत रिकाम्या कागदावर किंवा विकासकाच्या संमतिपत्रावर सही करू नये. मात्र अहवालात इमारत अतिधोकादायक ठरली असेल, तर हक्काची लढाई संक्रमण शिबिरातून लढावी. नोटिशीनुसार घर सोडताना ताबा दिल्याची पावती घेतली, तर रहिवाशाचा मूळ जागेवरचा हक्क त्यामुळे संपत नाही.